लाल टोपणाची सिरिंज आणि भुऱ्याची साखर

पत्र: डॉक्टर, नमस्कार. मी अंबाजोगाईची. आमचा भुऱ्या ९ वर्षांचा बोका, नसबंदी केलेला, घरातच असतो. दिवाळीपासून पाणी लई प्यायला लागला. खातोही भरपूर, पण साडेसहा किलोचा होता तो ५ किलो २०० ग्रॅमवर आला. मोरीच्या कोपऱ्यात तो लघवी करतो तिथं मुंग्या लागायल्यात हे सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "ह्याला बी साखर झाली का काय बघ." तपासणीत तेच निघालं. डॉक्टरांनी ग्लार्जिन इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ १-१ युनिट दिलंय. तीन आठवडे झाले, साखर खाली येईना. इंजेक्शनच्या आधी सकाळी ४१२, संध्याकाळी ३६६. म्हणून आठ दिवसांपासून मीच २ युनिट केलं. दुपारी तो झिंगल्यासारखा चालतो, नाहीतर पडून राहतो. साखर वाढल्यानंच अशक्तपणा आला असंल. सासऱ्यांनाही मधुमेह आहे, त्यांच्याच सिरिंज वापरतो, मशीनही त्यांचंच. आता ३ युनिट करू का? सासूबाई माळकरी आहेत, म्हणून भुऱ्या दूध-भाकरी आणि मांजरांच्या पाकिटातले कोरडे दाणे खातो. मे महिन्यात लातूरला पुतणीचं लग्न आहे, दोन दिवस इंजेक्शन कोण देणार? सासरे म्हणतात, मांजराचं एवढं काय करायलीस. मला मात्र रात्र-रात्र झोप नाही.

उत्तर:

ताई, ३ युनिट करायचं नाही हे मी तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं तुमचं पत्र नव्हतं, म्हणून संपादकांकडून नंबर घेऊन त्याच दुपारी बोललो. तुमच्या परवानगीने ते बोलणं इथे लिहितो आहे, कारण हीच चूक आणखी कुठल्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ होत असेल.

पत्र वाचताना मी "त्यांच्याच सिरिंज" या दोन शब्दांवर अडलो. फोनवर पहिला प्रश्न विचारला, सिरिंजचं टोपण कोणत्या रंगाचं? तुम्ही म्हणालात, लाल. दुसरा प्रश्न, भुऱ्याच्या बाटलीवर काय छापलंय? फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग तुम्ही वाचलंत, "१०० आययू", म्हणजे १०० युनिट. त्यानंतर थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. एका मिलीत ४० युनिट असलेलं आणि एका मिलीत १०० युनिट असलेलं. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी केशरी टोपणाची. तुमच्या सासऱ्यांची बाटली ४० ची आहे, त्यांना लाल सिरिंज अगदी बरोबर. भुऱ्याचं ग्लार्जिन १०० चं. लाल सिरिंजवर १ च्या खुणेपर्यंत ते ओढलं की आत जातं अडीच युनिट. म्हणजे पहिल्या दिवसापासून डॉक्टरांनी सांगितलेल्या १ च्या जागी त्याला अडीच जात होतं, आणि गेले आठ दिवस २ म्हणून ५. सव्वापाच किलोच्या मांजराला हा डोस फार म्हणजे फारच झाला. ३ ची खूण धरली असती तर साडेसात गेलं असतं.

त्या दिवशी सकाळी ७ ला इंजेक्शन झालं होतं. मी फोनवर असतानाच तुम्ही दुपारी १ ला कानातून रक्त घेतलंत, आकडा आला ५४. पत्रातलं "झिंगल्यासारखा" म्हणजे हेच, ताई. तो अशक्तपणा साखर वाढल्याचा नव्हता, साखर घसरल्याचा होता. घरात काकवी होती ते बरं झालं. अर्धा चमचा बोटावर घेऊन हिरड्यांना चोळलीत, तो चाटायला लागला, मग त्याचं खाणं पुढे ठेवलंत. पंधरा मिनिटांनी ७९. ग्लार्जिन लांब चालणारं औषध असल्यामुळे मी संध्याकाळपर्यंत तासातासाला मोजायला लावलं आणि तुमच्या डॉक्टरांना लगेच कळवायला सांगितलं. त्यांनी त्या रात्रीचा डोस गाळला आणि दुसऱ्या दिवसापासून केशरी सिरिंजने पुन्हा १ युनिटवर आणलं. योग्य केलं त्यांनी.

तुम्ही फोनवर रडलात, "मीच त्याला मारत होते" म्हणालात. असं मनाला लावून घेऊ नका. बाटली देताना दुकानात कुणी सिरिंज विचारली नाही, दवाखान्यात कुणी बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून दाखवली नाही. घरात मधुमेहाचं माणूस असलं की त्याचीच सिरिंज हाताशी येणार. हे सांगणं आमच्या लोकांचं काम होतं. आता एवढं करा, दुकानात जाताना भुऱ्याची रिकामी खोकी सोबत न्या आणि १०० ची, ३० युनिटवाली बारीक सिरिंज मागा. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मिळाली तर सोनंच. मांजराचा डोस अर्ध्या-पाव युनिटने बदलतो, मोठ्या सिरिंजवर तो डोळ्याला दिसतसुद्धा नाही. आणि सासऱ्यांच्या सिरिंजचा डबा दुसऱ्या फळीवर जाऊ द्या.

आता तुमचा खरा प्रश्न. एवढं जास्त इन्सुलिन जात असताना सकाळी ४१२ कसे?

तुम्ही मोजता इंजेक्शनच्या आधी. तेव्हा आधीच्या डोसचा जोर ओसरलेला असतो, म्हणजे दिवसातला सगळ्यात चढा आकडा तुम्हाला दिसतो. साखर सगळ्यात खाली जाते ती इंजेक्शननंतर साधारण ४ ते ८ तासांनी, आणि त्या वेळी तुम्ही एकदाही मोजलेली नव्हती. मे महिन्यात पहाटे पाचला अंगणात उभं राहून यंदा ऊन नाही म्हणावं, तसं झालं. शिवाय साखर फार खाली गेली की शरीर घाबरून यकृतातली साठवण रक्तात ओततं, आणि कधीकधी काही तासांनी तीच साखर उसळी मारून वर येते. वरचा आकडा बघून आपण डोस वाढवतो, ती आणखी खाली जाते. मोठा डोस आणि चढी साखर अशी एकत्र नांदू शकतात.

म्हणून माझं एक म्हणणं भिंतीवर लिहून ठेवा. चढी साखर मांजराला आठवड्या-महिन्यांनी पोखरते, घसरलेली साखर एका दुपारी नेते. ३५० दिसले म्हणून कुणी त्या दिवशी जात नाही. डोस वाढवायचा तो दिवसभराचा आलेख पाहून, डॉक्टरांना विचारून, एका वेळी पाव किंवा अर्धा युनिट, आणि मग किमान आठवडाभर हात लावायचा नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका मांजरीचा डोस फक्त दवाखान्यातल्या आकड्यावरून वाढवला होता. समोर म्हशी हंबरत होत्या, ती पिशवीत थरथरत होती. भेदरलेल्या मांजराची साखर, मधुमेह नसला तरी, तीनशेपर्यंत चढू शकते, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि त्या क्षणी आठवलं नाही. तिसऱ्या रात्री तिला झटके आले. ती वाचली नाही. तेव्हापासून मी घरी मोजल्याशिवाय डोस वाढवत नाही.

घरी मोजायचं कसं? तुम्ही कानाच्या मधोमध टोचत होतात, म्हणून तो ओरडत होता आणि थेंबही येत नव्हता. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते, मोबाइलचा टॉर्च मागून धरला की दिसते. टोचायचं शीर आणि कड यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, शिरेत नाही. आधी कान गरम हवा. जुन्या पायमोज्यात मूठभर ज्वारी भरून गाठ मारा, तव्यावर कोमट करा, आपल्या गालाला लावून बघा, मग अर्धा मिनिट कानाला धरा. कानामागे कापसाचा बोळा ठेवा म्हणजे सुई तुमच्या बोटात जाणार नाही. मोहरीएवढा थेंब पुरतो. पट्टी थेंबाजवळ न्या, ती आपोआप ओढून घेते. मग बोळा क्षणभर दाबून धरा, नाहीतर कानावर निळा डाग पडतो. आणि लगेच त्याच्या आवडीचा एक घास, दर वेळी, न चुकता. आठ दिवसांत तो ज्वारीचा मोजा बघून स्वतःहून येऊन बसेल, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

माणसांचं मशीन मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवतं, कारण मांजराच्या रक्तात साखरेची वाटणी वेगळी असते. मांजरांसाठीचं मशीन मिळालं तर उत्तम. न मिळालं तर सासऱ्यांचंच चालवा, फक्त मशीन एकच ठेवा, आणि डॉक्टरांना ते माणसांचं आहे हे सांगा. दंडावर लावतात ती चौदा दिवसांची सेन्सर पट्टीही मांजरांना लावता येते, पण तिचा खर्च महिन्याच्या घरखर्चात जाणवतो. ज्वारीच्या मोज्याने भागतंय तोवर तिची घाई नाही.

आलेख म्हणजे काय ते फोनवर घाईत सांगितलं, पुन्हा सांगतो. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी इंजेक्शनच्या आधी मोजायचं आणि मग दर २ तासांनी, १२ तास. दिवसभर आकडा बहुतेक १०० ते ३०० मध्ये राहिला तर घरच्या मांजरासाठी ते चांगलं. ८० च्या खाली गेला तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन. माणसांसारखं १२०-१३० धरून बसायचं नाही. आकड्यांइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी. सकाळी मोजून ठेवा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. भुऱ्याएवढं मांजर दिवसाला अडीचशे मिलीच्या वर पीत असेल तर ते जास्तच आहे, जरी उन्हाळ्यात थोडं वाढणार हे धरलं तरी. पाणी उतरायला लागलं, वजन चढायला लागलं, मोरीतल्या मुंग्या गेल्या, की औषध लागू पडतंय. सासूबाईंची नजर तीक्ष्ण आहे, ते काम त्यांच्याकडेच द्या. लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपल्या जुन्या वैद्यांनीही मधुमेहासाठी लिहून ठेवली आहे.

इंजेक्शन नेहमी खाणं सुरू झाल्यावर. त्याने खाल्लंच नाही, किंवा खाऊन ओकला, तर पूर्ण डोस द्यायचा नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. मानेवरच किंवा एकाच बाजूला रोज टोचू नका, बरगड्यांच्या डाव्या-उजव्या बाजू बदलत राहा. कातडी तंबूसारखी उचला, सुई तंबूच्या पायथ्याशी आडवी. केस ओले लागले, औषधाचा वास आला आणि आत गेलं की बाहेर सांडलं हे कळलं नाही, तर पुन्हा द्यायचं नाही. एक डोस चुकल्याने काही बिघडत नाही. दोनदा दिला तर बिघडतं. घरात दोघं इंजेक्शन देणारे असतील तर दिल्याबरोबर वहीत वेळ लिहायची, आणि आधी वही बघायची, मग बाटली काढायची. काकवी किंवा ग्लुकोजची पूड नेहमी एका ठरलेल्या जागी. मांजर बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. बोटाने हिरड्यांना बाहेरून चोळायचं, दातांच्या मध्ये बोट घालायचं नाही, आणि निघायचं.

याच्या उलट, चढ्या साखरेची एकच अवस्था अशी आहे जिथे थांबून चालत नाही. खाणं सुटलं, ओकाऱ्या, मलूल पडलंय, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास. ती रात्र घरी काढायची नाही. अंबाजोगाईत सोय झाली नाही तर परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, तिथले नंबर आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता खाण्याचं, जे मला सगळ्यात नाजूक वाटतं. भुऱ्याला दूध-भाकरी दिल्यानेच मधुमेह झाला का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. एकट्या त्याने नाही. नसबंदी झालेला, वजनदार, वय झालेला, घरात बसून असलेला बोका, हे सगळं मिळून होतं. मागच्या वर्षी खाज येते म्हणून त्याला दोन-तीनदा इंजेक्शन दिल्याचं तुम्ही फोनवर म्हणालात, ती स्टेरॉइडची असतील तर त्यांचाही हात आहे. जुना कागद शोधून डॉक्टरांना दाखवा, आणि त्याचे दात आणि लघवीही तपासून घ्या. दात-हिरड्यांचा किंवा लघवीतला जंतुसंसर्ग असेल तर इन्सुलिन नीट लागू पडत नाही.

पण मांजर हा मांसावर जगणारा प्राणी आहे. भाकरीतलं पीठ आणि दुधातली साखर त्याचं शरीर नीट वापरू शकत नाही, आणि कोरड्या दाण्यांतही पीठ बरंच असतं. त्याला जास्त प्रथिनं आणि कमी पिष्ट असलेलं ओलं खाणं हवं, मांजरांसाठीचं तयार पाऊच किंवा डबा, ज्यावर संपूर्ण आहार लिहिलंय असं, रस्सा कमी आणि मांस जास्त असलेलं. नुसतं उकडलेलं चिकन महिनोन्महिने चालत नाही, त्यात कॅल्शियम नाही. बक्षीस म्हणून एखादा तुकडा ठीक, तोही कांदा-लसणाशिवाय, कांदा-लसूण मांजराचं रक्त नासवतात. सासूबाईंशी मी बोलायला तयार आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात काहीही शिजवायचं नाही. बंद पाकीट, मागच्या अंगणातली वेगळी ताटली, वेगळा चमचा, धुणंही तिथेच. ज्या बाईने मुंग्या पाहून त्याचा आजार ओळखला ती त्याला उपाशी ठेवायला सांगणार नाही, असं मला वाटतं.

फक्त उद्यापासून एकदम बदलू नका. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरजही झपाट्याने उतरते, आणि डोस तोच राहिला तर पुन्हा ५४. आधी डॉक्टरांना सांगा, दहा दिवसांत हळूहळू बदला, त्या दहा दिवसांत दुपारचं मोजणं सोडू नका. आणि वजन उतरवण्यासाठी उपास तर अजिबात नाही. मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साठायला लागते. कारल्याचा रस, मेथीची पूड, जांभळाच्या बिया, सासऱ्यांच्या गोळ्या, यातलं काहीही नको.

मागच्या पायांच्या टाचा टेकवून तो चालतो म्हणालात, ते चढ्या साखरेने नसांवर झालेला परिणाम. साखर आटोक्यात राहिली तर बहुतेक मांजरं काही महिन्यांत सावरतात. आणि हेही सांगतो, कारण तुम्हाला झोप नाही: सुरुवातीलाच खाणं आणि इन्सुलिन नीट बसलं तर बऱ्याच मांजरांची इन्सुलिनची गरज काही महिन्यांत संपते. माणसांत असं क्वचित होतं. भुऱ्याचं होईलच असं नाही, पण आशा धरण्यासारखी आहे.

बाटली फ्रिजच्या दारात ठेवू नका, मधल्या फळीवर, बर्फाच्या कप्प्यापासून दूर. गोठलेलं इन्सुलिन गेलं. एप्रिल-मेमध्ये तासन्‌तास लाइट गेली तर बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून माठाच्या ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. गढूळ झालं, कण दिसले, तर बाटली टाका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, घंटागाडीत सुट्या नाहीत.

लग्नाचं म्हणाल तर वेळ तासभर मागे-पुढे झाली तरी चालते. भुऱ्याला लातूरला नेऊ नका, मांडवातल्या गोंधळात तो खाणार नाही. शेजारच्या ज्या ताई तुमच्या सासऱ्यांना इन्सुलिन देतात असं म्हणालात, त्यांना आत्तापासून आठ दिवस रोज संध्याकाळी बोलवा आणि त्यांच्या हातूनच देऊन घ्या. सिरिंजमध्ये डोस तुम्ही आधी भरून ठेवायचा नाही, त्यांना केशरी टोपण दाखवायचं. भुऱ्याने खाल्लं नाही तर इंजेक्शन नाही आणि तुम्हाला फोन, एवढंच लिहून फ्रिजवर चिकटवा.

सासऱ्यांना एवढं सांगा की तुमच्या फोनमुळे मीही त्यांच्या सिरिंजची चौकशी केली आणि त्यांची बाटली ४० चीच आहे. पुढे कधी डॉक्टरांनी त्यांना १०० च्या बाटलीवर नेलं, तर त्या दिवशी लाल सिरिंजचा सगळा डबा घराबाहेर काढायचा.

आता येत्या रविवारी सकाळी ७, ९, ११, १, ३, ५ आणि ७, असे सात आकडे वहीत लिहा. शेजारी किती खाल्लं आणि पाणी किती प्यायलं तेही. त्या पानाचा फोटो आधी तुमच्या डॉक्टरांना, मग मला पाठवा.